विश्लेषण : प्रमुख तुरुंगात, काम मात्र सुरूच! स्वामी रामानंद तीर्थांकडून आजच्या टीम लीडरने काय शिकावे?

साहेब आठवडाभर रजेवर गेले की फायली जागच्या हलत नाहीत, हा अनुभव बँकेच्या शाखेपासून कोचिंग क्लासपर्यंत आणि मोंढ्यातल्या आडतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळीकडे येतो. साहेबांना मात्र परतल्यावर मनातून बरेच वाटते. आपल्यावाचून पान हलत नाही, हा त्यांना स्वतःच्या कर्तबगारीचा पुरावा वाटतो. हा पुरावा नेमका उलटा आहे, हे ज्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते ते मराठवाड्याच्या अगदी ओळखीचे आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या शेवटच्या तेरा महिन्यांपैकी सुमारे अकरा महिने स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. तरीही लढा सुरू राहिला. हे कसे जमले आणि यश मिळाल्यावर काय बिनसले, दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

कोण होते स्वामीजी?

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतल्या लाखो पदवीधरांच्या गुणपत्रिकेवर हे नाव आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिदिनीच, स्थापन झाले. मात्र नाव रोज डोळ्यांसमोर असले की माणूस हळूहळू दिसेनासा होतो.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे. शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झाले. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर, विद्यार्थिदशेतच, त्यांनी अविवाहित राहून देशकार्य करण्याचे व्रत घेतले. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी काम केले. संघटना कशी बांधतात आणि मागण्या कशा मांडतात, याचे धडे त्यांना कामगार चळवळीत मिळाले. संन्याशाच्या भगव्या वस्त्रांमुळे ही पार्श्वभूमी अनेकदा विसरली जाते.

नेता होण्याआधी मुख्याध्यापक

प्रकृती ढासळल्यावर ते १९२९ मध्ये हिप्परग्याला आले. आज हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात आहे. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये तिथे राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतच होते. अशा वेळी एका आडगावी सरकारी मदतीशिवाय शाळा चालवायची, म्हणजे पगाराची शाश्वती नाही आणि पोलिसांची नजर मात्र कायम. स्वामीजी या शाळेचे मुख्याध्यापक झाले. याच काळात त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले.

पुढे ते आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला आले. योगेश्वरी विद्यालयाच्या भोवती शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांचे एक वर्तुळ तयार झाले.

ही वर्षे त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकली जातात. खरे तर बाकीचे सगळे इथूनच निघाले. आंदोलनाची हाक देण्याआधी जवळपास नऊ वर्षे ते वर्ग घेत होते. पुढच्या लढ्यात सत्याग्रहींच्या तुकड्या उभ्या राहिल्या, सरहद्दीवरचे कॅम्प चालले, भूमिगत निरोप पोहोचले. त्यासाठी लागणारी माणसे या शाळांमध्ये आणि त्यांच्या अवतीभवती घडलेली होती. शिक्षकाला एक सवय असते. उत्तर माहीत असले तरी तो ते लगेच सांगत नाही, मुलाला फळ्याजवळ बोलावून सोडवायला लावतो. त्यात वेळ जातो आणि चुकाही होतात. आजच्या ऑफिसात नेमकी हीच सवय दुर्मीळ आहे. ज्युनिअरला समजावण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा दहा मिनिटांत मीच करून टाकतो, असे म्हणणारे वरिष्ठ त्या दिवशी वीस मिनिटे वाचवतात आणि पुढची पाच वर्षे ते काम स्वतःच करत बसतात.

बंदी असताना माणसे जमवायची कशी?

हैदराबाद संस्थानात गश्ती निशाण ५३ नावाचे एक फर्मान होते. त्यामुळे पूर्वपरवानगीशिवाय सभाच घेता येत नसे. उघड राजकारणाला जागा नव्हती. मग शिक्षण, शेतकऱ्यांच्या अडचणी, भाषा या विषयांवर बोलणाऱ्या परिषदा हा मार्ग निघाला. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले आणि दुसरे १९३८ मध्ये लातूरला. लातूरच्या अधिवेशनापासून परिषदेच्या सरचिटणीसपदाची जबाबदारी स्वामीजींवर आली. शाळा सोडून ते पूर्णवेळ सार्वजनिक कामात उतरले.

परिषदेच्या मागण्या आज वाचल्या तर फारच मवाळ वाटतात. पण गावात शाळा हवी, एवढे मागण्यासाठी का होईना, चार माणसे एकत्र बसली, त्यांनी ठराव लिहिला, सही केली, हिशेब ठेवला. राज्य उलथवण्याची भाषा करणाऱ्याला हे काम किरकोळ वाटते. सही करायला घाबरणारा माणूस उद्या तुरुंगात जाणार नाही, हे संघटना चालवणाऱ्याला कळत असते.

सत्याग्रह सुरू केला, मग दोन महिन्यांत थांबवला का?

हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये आकाराला येत होती. तिची रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबरमध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. त्यानंतर तीन दिवसांनी स्वामीजी स्वतःची तुकडी घेऊन गेले आणि त्यांना अटक झाली. दीड वर्षाची शिक्षा झाली.

त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात सुरू होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आणि धार्मिक हक्कांची मागणी यांची सरमिसळ होऊ लागली. गांधीजींच्या सल्ल्यावरून डिसेंबरच्या अखेरीस स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय पचवणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. उस्मानियाच्या वसतिगृहांतले विद्यार्थी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षणावर पाणी सोडत होते, सगळीकडे उत्साह होता, आणि नेतृत्व मात्र थांबा म्हणत होते.

चालू कामाला कुलूप लावणे हे नवे काम सुरू करण्यापेक्षा अवघड असते. नव्या कामाचे श्रेय मिळते, बंद केलेल्या कामाचे मिळत नाही. स्टेट काँग्रेसवरची बंदी त्यानंतरही साडेसात वर्षे, जुलै १९४६ पर्यंत, कायम राहिली. मधल्या काळात १९४० मध्ये स्वामीजींनी मोजक्या सहकाऱ्यांसह वैयक्तिक सत्याग्रहाचा मार्ग घेतला आणि १९४१ च्या अखेरीपर्यंत निजामाबादच्या तुरुंगात राहिले. १९४२ मध्ये पुन्हा अटक झाली. गर्दीचा मोह टाळून मूळ मागणी धरून ठेवण्याची ही वर्षे होती.

तीन भाषा, तीन वेग

बंदी उठली तेव्हा नवी अडचण उभी राहिली. मराठी भागाची महाराष्ट्र परिषद, तेलुगू भागाची आंध्र परिषद आणि कन्नड भागाची कर्नाटक परिषद यांना एका संघटनेत आणायचे होते. तेलंगणात कम्युनिस्टांचा जोर होता. काही नेत्यांना निजामाशी वाटाघाटींनी मार्ग काढावा असे वाटत होते, तर काहींना आता थांबायचे नव्हते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजींसमोर बुर्गुल रामकृष्णराव होते. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी जिंकले.

म्हणजे जवळपास निम्मी संघटना त्यांच्या बाजूने नव्हती. नव्या शाखेवर बदली होऊन गेलेल्या आणि तिथल्या जुन्या लोकांना आपणच प्रमुख व्हायला हवे होते असे वाटत असताना काम सुरू करावे लागलेल्या कुठल्याही मॅनेजरला ही स्थिती ओळखीची वाटेल. स्वामीजींनी विरोधी मताच्या लोकांना दूर सारले नाही. मात्र भारतात विलीनीकरण या मुद्द्यावर त्यांनी संदिग्धताही ठेवली नाही. जून १९४७ मध्ये मुशिराबादला झालेल्या अधिवेशनात ही भूमिका उघडपणे मांडली गेली आणि ७ ऑगस्टला संस्थानभर विलीनीकरण दिन पाळला गेला.

अकरा महिने नेता नव्हता, मग लढा कोणी चालवला?

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. हैदराबादमध्ये तिरंगा फडकवायला मनाई होती. स्वामीजींनी तो फडकवला आणि त्याच दिवशी त्यांना अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, तेव्हा ते सुटले. जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले, ते पोलीस ॲक्शन संपेपर्यंत आतच होते.

अटक होणार हे त्यांना माहीत होते, म्हणून व्यवस्था आधीच लागलेली होती. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती होती आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यात होते. संस्थानाच्या सरहद्दीबाहेर, भारतीय हद्दीत, कॅम्प उघडले गेले. नांदेड भागासाठी यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड होते, लातूर आणि उस्मानाबादकडच्या लोकांसाठी बार्शी आणि सोलापूर जवळ होते, पूर्वेला चांदा होते. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे चांद्याच्या बाजूने काम करत होते. एका कॅम्पमध्ये काय चालले आहे हे दुसऱ्या कॅम्पला रोज कळण्याची सोय नव्हती. फोन नव्हता, वरून दररोज सूचना येत नव्हत्या. कॅम्पप्रमुखाला जागेवर निर्णय घ्यावा लागे.

आज व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी नऊ वाजता कामाची यादी टाकणारे आणि संध्याकाळी सहाला स्टेटस विचारणारे वरिष्ठ आपण पाहतो. त्यांच्या हाताखालच्या लोकांना जागेवर निर्णय घेण्याची वेळच येत नाही. मग एखाद्या दिवशी नेटवर्क गेले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. कृती समितीच्या माणसांना काय मिळवायचे आहे हे पक्के माहीत होते. कसे मिळवायचे हे त्यांच्यावर सोडलेले होते. याचा अर्थ सगळे सुरळीत चालले असा नाही. मतभेद होते, चुकाही झाल्या, त्यातल्या काही गंभीर होत्या. त्यांच्याकडे पुढे येऊच.

याच काळात लातूरचाच आणखी एक माणूस संस्थानभर गाजत होता. वकिली करणारा कासीम रझवी १९४६ मध्ये इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला होता आणि रझाकारांची संघटना त्याच्या भाषणांवर उभी होती. भारतीय सैन्य आल्यावर ती पाच दिवसांत कोलमडली. सैन्यापुढे कोणीही टिकले नसते, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण एका माणसाच्या आवाजावर चालणारी संघटना आणि प्रमुख कोठडीत असताना चालणारी संघटना, या दोन्ही लातूरने एकाच वेळी पाहिल्या, एवढे खरे.

पैशाचे काय झाले?

३० जानेवारी १९४८ रोजी, योगायोगाने गांधीहत्येच्याच दिवशी, उमरखेड भागातल्या कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. रक्कम वीस लाखांच्या घरात होती. १९४८ चे वीस लाख. लढ्यासाठी लुटलेला हा पैसा वाटेत पाझरला असता तरी त्या धामधुमीत कोणाला कळले नसते. तो नोंदवला गेला, लढ्याच्या कामासाठी खर्च झाला आणि पुढे त्याचा हिशेब सरकारकडे सादर झाला. बँक लुटणे योग्य होते का, यावर वाद घालता येईल. मात्र ज्या संघटनेचा प्रमुख आत आहे आणि पैसा बाहेर आहे, तिथे हिशेब टिकतो, ही शिस्त वरून आलेल्या आदेशाने येत नाही. शाळेची वही आणि परिषदेच्या वर्गण्या वर्षानुवर्षे नीट लिहिलेल्या असाव्या लागतात.

एक हिशेब मात्र अपुरा राहिला. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले. आजचा लातूर जिल्हा तेव्हा बराचसा उस्मानाबाद आणि बिदरमध्ये होता. रझाकारांचे अत्याचार ही आधीची बाजू खरी आहे, पण त्यांचा सूड रझाकार नसलेल्या माणसांवर उगवला गेला. जागेवर निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य दिले की कोणती मर्यादा ओलांडायची नाही हेही तितकेच ठसवावे लागते. सगळे हल्लेखोर स्टेट काँग्रेसच्या शिस्तीत वाढलेले नव्हते आणि स्वामीजी त्या दिवसांत नुकतेच बाहेर येत होते, हे मान्य करूनही मुक्तिसंग्रामाच्या चरित्रातून हे पान वगळता येत नाही.

जिंकल्यावर काय बिनसले?

लढ्यात एकत्र राहिलेली संघटना विजयानंतर दोन वर्षांत फुटली. जमिनीचा प्रश्न, कम्युनिस्टांबद्दलची भूमिका, दिल्लीशी किती जुळवून घ्यायचे, अशा अनेक गोष्टींवर गट पडले. गोविंदभाई श्रॉफ आणि डावीकडे झुकलेले सहकारी काँग्रेसबाहेर पडले. दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्णराव यांचा गट होता. १९५२ च्या निवडणुकीनंतर तेच मुख्यमंत्री झाले. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. ज्याने लढा उभा केला, त्याच्याकडे राज्याची सत्ता आली नाही.

स्वामीजी फार सज्जन होते आणि राजकारणाने त्यांच्यावर अन्याय केला, असा या घटनेचा गोड अर्थ लावला जातो. तो पुरेसा नाही. कठीण काळात एका ध्येयाभोवती माणसे बांधणे त्यांना जमले. ध्येय साध्य झाल्यावर त्याच माणसांमध्ये कामाचे आणि पदांचे वाटप करणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि त्यात ते कमी पडले. स्वतःला पदाचा मोह नसला की इतरांच्या पदाच्या अपेक्षा क्षुल्लक वाटू लागतात. सहकाऱ्यांना तसे वाटत नसते. प्रोजेक्ट संपेपर्यंत रात्रंदिवस राबणारी टीम प्रोजेक्ट संपल्यावर बढतीवरून का फुटते, हे न समजलेले अनेक प्रामाणिक वरिष्ठ आजही भेटतात.

स्वतःचेच राज्य मोडा, असे कोण म्हणतो?

तरीही त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय यानंतरचा आहे. हैदराबाद राज्य तसेच ठेवावे असे मानणारे वजनदार लोक होते. पंडित नेहरूही सुरुवातीला ते मोडण्यास राजी नव्हते. स्वामीजींनी मात्र भाषावार विभाजनाचा आग्रह धरला. मराठवाडा मराठी भाषकांबरोबर, तेलंगणा आंध्रबरोबर, कन्नड जिल्हे कर्नाटकबरोबर जावेत, ही मागणी त्यांनी लावून धरली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. त्याबरोबर ज्या प्रदेशाचे आणि पक्षसंघटनेचे ते नेते होते, तेही तीन तुकड्यांत विभागले गेले. त्यांच्या नेतृत्वाचा मतदारसंघच उरला नाही.

आपला विभाग दुसऱ्या विभागात विलीन केला तर काम चांगले होईल, हे माहीत असूनही आपली केबिन जाईल म्हणून गप्प बसणारे किती असतात, हे नोकरदार वाचकांना सांगायला नको. स्वामीजींचा जन्म कन्नड मुलखातला, कामाची सुरुवात मराठी भागातली आणि राजकारणाचे केंद्र हैदराबादसारख्या बहुभाषिक शहरात. विभाजनाने व्यक्तिशः सर्वांत जास्त तोटा त्यांचाच होणार होता.

१९५७ मध्ये ते औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले. तिसऱ्यांदा ते लोकसभेत गेले नाहीत. उरलेली वर्षे खादी, शिक्षणसंस्था आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहिण्यात गेली. त्या १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. तिथे बेगमपेठला त्यांची समाधी आहे. स्मारक समितीचे काम बरीच वर्षे पी. व्ही. नरसिंह राव यांनी पाहिले. नांदेडहून रेल्वेने तिथे एका रात्रीत पोहोचता येते, फक्त मध्ये राज्याची सीमा लागते.